ताणणाऱ्या कापडाचा पॅटर्न कसा तपासायचा: स्विमसूट आणि व्यायामाचे कपडे घरी शिवणाऱ्यांसाठी

साधा शर्ट शिवताना पॅटर्न थोडा चुकला तरी निभावून जातं. कापड अंगापासून सुटं असतं, एक-दोन सेंटीमीटर इकडचे तिकडे झाले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. स्विमसूट, लेगिंग्ज आणि स्पोर्ट्स ब्रा यांचं तसं नाही. हे कपडे अंगाच्या मापापेक्षा लहान कापलेले असतात आणि कापडाच्या ताणावर जागच्या जागी राहतात. त्यामुळे फिटिंगचा निम्मा हिशेब कागदावर नसतोच, तो कापडात असतो. आधी मांजरपाटावर कच्चं शिवून बघायची जुनी रीत म्हणूनच इथे उपयोगी नाही. न ताणणाऱ्या कापडाचा स्विमसूट मांड्यांच्या वर चढणारसुद्धा नाही.

नवशिक्यांचा गोंधळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. कपडा नीट बसला नाही की दोष थेट पॅटर्नला दिला जातो. खरं तर दोषी चारांपैकी कुणीही असू शकतो: पॅटर्न, कापड, शिलाई किंवा आपल्या अंगाची ठेवण. खाली दिलेला क्रम या चौघांना वेगळं काढण्यासाठी आहे. मधली पायरी गाळली तर शेवटी आरशासमोर उभं राहून नुसता अंदाज बांधावा लागतो.

१. आधी कागद तपासा

पॅटर्न पीडीएफ असेल तर छापताना प्रमाण १०० टक्के ठेवा. ‘पानात बसवा’ अशा अर्थाचा पर्याय बहुतेक प्रिंटरवर आपोआप निवडलेला असतो, तो काढा. पानावर चाचणीचा चौकोन दिलेला असतो. आधी तेवढंच एक पान छापून चौकोन पट्टीने उभा आणि आडवा, दोन्ही बाजूंनी मोजा. छपाई ९७ टक्क्यांवर आली तर नजरेला काहीच कळत नाही, पण नितंबांवर ९० सेंमी असायला हवा तो कपडा ८७.३ सेंमीचा होतो. जवळजवळ पावणेतीन सेंटीमीटर प्रिंटरने खाल्ले आणि तुम्ही शिव्या घालताय पॅटर्नला.

पानं जोडून झाली की जे भाग एकमेकांना शिवायचे आहेत त्यांच्या कडा मापून बघा. कागदाच्या कडेवर नाही, शिलाईच्या रेषेवर. पुढच्या भागाची बगलेपासून मांडीपर्यंतची बाजू आणि मागच्या भागाची तीच बाजू सारखी आहे का? नसेल तर मुद्दाम फरक ठेवल्याचं सूचनांत कुठे लिहिलंय का? जोड जुळवण्यासाठी कडेवर दिलेल्या खाचा समोरासमोर येतात का? मग खांद्याचे टोक जोडून धरा आणि गळ्याची व मुंढ्याची रेषा कशी जाते ते बघा. तिथे टोकदार कोपरा किंवा खळगा दिसला तर तो शिवल्यावरही राहणार. आसनाच्या (दोन्ही पाय जिथे मिळतात त्या भागाच्या) जोडावरही हेच करा. यात तुमच्या अंगाचा किंवा कापडाचा काहीच संबंध नसल्यामुळे इथे सापडलेली चूक निर्विवाद पॅटर्नची असते.

शिलाईची माया पॅटर्नमध्ये धरलेली आहे की बाहेर सोडायची आहे, हे सूचनांच्या पहिल्या पानावर शोधा. ताणाच्या कपड्यांत माया बहुधा ६ मिमी किंवा १ सेंमी असते. इलॅस्टिकसाठीची दुमड वेगळी मोजलेली असू शकते. सूचना शेवटपर्यंत एकदा वाचून काढा. अस्तर कधी लावायचं हे सातव्या पायरीवर कळलं आणि पाचवी पायरी शिवून झालेली असेल, तर उसवण्याशिवाय गत्यंतर नसतं.

२. अंगाची मापं आणि थोडा हिशेब

छाती, कंबर आणि नितंब ही तीन मापं सगळेच घेतात. एकसंध स्विमसूटसाठी यापेक्षा महत्त्वाचं माप म्हणजे धडाचा फेर. टेप एका खांद्याच्या मध्यावर ठेवायची, पुढून छातीवरून खाली आणायची, दोन्ही पायांमधून मागे न्यायची आणि पाठीवरून पुन्हा त्याच खांद्यावर आणायची. हे एकट्याने जमत नाही, टेप पाठीवर तिरकी होते. कुणाला तरी मदतीला घ्या आणि अंगाला चिकटणारे कपडे घालूनच माप घ्या. टेप अंगाला टेकलेली हवी, रुतलेली नको. लेगिंग्जसाठी मांडीचा सर्वांत जाड भाग, पोटरी, आसनापासून घोट्यापर्यंतची लांबी आणि पुढच्या कंबरेपासून आसनाखालून मागच्या कंबरेपर्यंतचं माप लागतं.

आता पॅटर्नची तयार मापं काढा. ती दिलेली नसली तरी पुढचा आणि मागचा भाग नितंबांच्या रेषेवर मोजायचा, माया वजा करायची, भाग घडीवर कापायचा असेल तर दुप्पट करायचं आणि दोन्हींची बेरीज घ्यायची.

उदाहरण घेऊ. अंगाचं नितंबाचं माप १०४ सेंमी आणि पॅटर्नचं तयार माप ९० सेंमी. १०४ ला ९० ने भागलं की १.१५६ येतात. म्हणजे घातल्यावर कापडाला आडवं साधारण १६ टक्के ताणावं लागेल. तसाच धडाचा फेर: अंगाचा १५८, पॅटर्नचा १३८. उभा ताण साडेचौदा टक्के.

हे आकडे चांगले की वाईट? ते कापडावर ठरेल. माझा ढोबळ नियम असा आहे की नुसतं उभं राहण्यासाठी कापडाच्या एकूण ताणापैकी निम्म्याहून जास्त खर्च होऊ नये. उरलेला निम्मा वाकायला, बसायला आणि हात वर करायला लागतो. वरच्या उदाहरणातलं कापड आडवं ५० टक्के आणि उभं २५ टक्के ताणत असेल, तर आडव्याची काळजीच नाही. उभ्याची मात्र आहे, कारण २५ चा निम्मा १२.५ आणि आपल्याला साडेचौदा हवेत. एकही टाका घालण्याआधी कळलं, की हा सूट खांद्यावर काचणार.

जुन्या छापील पॅटर्नबद्दल एक सांगून ठेवतो. स्पँडेक्स हा धागा १९५८ साली ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. लायक्रा हे त्याचं व्यापारी नाव. त्याआधीच्या पॅटर्नमध्ये चुण्या, डार्ट, पाठीला चेन असं सगळं सापडतं, कारण तेव्हाच्या कापडाला आजच्यासारखा ताण नव्हता. असा पॅटर्न आजच्या कापडावर तसाच ठेवून कापला तर कपडा ढगळ होणार, हे गृहीत धरा.

३. कापडाची परीक्षा

कापड काठापासून निदान १० सेंमी आत दुमडा, कारण काठ स्वतः कमी ताणतो आणि फसवतो. दुमडीवर १० सेंमीवर दोन खुणा करा. कापड ओढा, पण दात-ओठ खाऊन नको. जिथे सहज थांबतं तिथपर्यंतच. खुणा १५ सेंमीवर गेल्या तर ताण ५० टक्के. हीच परीक्षा उभ्या दिशेनेही करा. चारही बाजूंनी ताणणारं कापड म्हणून विकलेलं कापडसुद्धा दोन्ही दिशांना क्वचितच सारखं ताणतं. जास्त ताण असलेली दिशा सहसा अंगाभोवती यायला हवी.

याहून महत्त्वाचं म्हणजे सोडल्यावर कापड कुठे परत येतं. दहा सेकंद ताणून धरा, सोडा आणि पुन्हा मोजा. बरोबर १० वर आलं तर उत्तम. साडेदहावर थांबलं तर तो कपडा तासाभराने गुडघ्याला आणि बसायच्या जागी झोळ दाखवणार. नुसतं ‘छान ताणतंय’ म्हणून कापड घेणाऱ्यांची इथेच फसगत होते. ताणणं सगळ्यांनाच येतं, परत येणं सगळ्यांना जमत नाही.

स्विमसूटचं कापड असेल तर एक छोटा तुकडा भिजवा. तो भिजलेला तुकडा हाताच्या तळव्यावर ताणून धरा. फिकट रंग कोरडे असताना जाड वाटतात आणि पाण्यात अंग दाखवतात. पांढरा, पिवळा, फिकट गुलाबी हे त्यातले नेहमीचे. छापील कापड ताणून बघा: रंग नुसता वरच्या थरावर असेल तर ताणल्यावर मधून पांढरं डोकावतं. नितंबांवर आणि छातीवर ते सगळ्यांत आधी दिसतं.

वजनाचा अंदाजही ठेवा. स्विमसूटला नायलॉन-स्पँडेक्सचं १९० ते २२० जीएसएमचं (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम) कापड बहुतेक वेळा चालतं, लेगिंग्जला २५० ते ३०० बरं. क्लोरीन स्पँडेक्सला हळूहळू खातं, त्यामुळे रोज तलावात उतरणाऱ्याने पॉलिएस्टर-पीबीटीचं कापड शोधावं (पीबीटी हा पॉलिएस्टरचाच एक प्रकार). ते कमी मऊ वाटतं आणि ताणही कमी देतं, पण टिकतं. मात्र नायलॉन-स्पँडेक्सवर तपासलेला पॅटर्न त्या कापडावर तसाच कापू नका. कमी ताणाचं कापड म्हणजे कपडा आपोआप एक माप लहान.

४. चाचणीसाठी कुठलं कापड घ्यायचं

त्याच जातीचं, त्याच वजनाचं आणि जवळपास तेवढ्याच ताणाचं. रंग कसाही असू द्या. न आवडलेल्या छपाईचं उरलेलं कापड यासाठी सगळ्यांत चांगलं, कारण त्यावर पेनने लिहायला जीव कचरत नाही. टी-शर्टचं सुती-लायक्रा कापड घरात पडलेलं असतं म्हणून नायलॉन-स्पँडेक्सच्या स्विमसूटची चाचणी त्यावर करायचा मोह होतो. त्याचा परत येण्याचा जोर कमी असतो आणि पाण्यात ते जड होऊन लोंबतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष खऱ्या कापडाला लागू पडत नाही.

शेवटच्या कपड्याला पूर्ण अस्तर असेल तर चाचणीलाही लावा. दोन थर एकत्र शिवले की कमी ताणणारा थर मालक होतो. वरचं कापड ६० टक्के ताणतंय आणि अस्तर ३० टक्के, तर कपडा ३० टक्केच ताणणार. पॉवर मेशसारखं आवळून धरणारं अस्तर असेल तर हे हमखास जाणवतं.

५. कापणं

कापड आदल्या रात्री घडी उलगडून पसरून ठेवा. टेबलावरून लोंबू देऊ नका, लोंबणाऱ्या वजनाने ते ताणलं जातं आणि कापल्यावर आकसतं. टाचण्यांऐवजी वजनं ठेवा आणि शक्य असेल तर गोल पात्याच्या कटरने कापा. चकाकी असलेल्या कापडाचे सगळे भाग एकाच दिशेने लावा, नाहीतर उजेडात पुढचा-मागचा रंग वेगळा दिसतो.

बाजूच्या शिलाईला चाचणीपुरती माया १.५ सेंमी ठेवा. गळा, मुंढा आणि मांडीची कड मात्र पॅटर्नप्रमाणेच कापा, तिथे जास्तीचं कापड ठेवलं तर इलॅस्टिकचा हिशेब बिघडतो.

६. शिलाई

इथे मशीन साधं असलं तरी चालतं, सुई मात्र हवी तीच हवी. स्ट्रेच कापडाची सुई वेगळी मिळते. तिचं टोक किंचित गोलसर असतं आणि डोळ्यामागची खोबण अशी घडवलेली असते की मशीनच्या हुकाला दोऱ्याचा फास नीट पकडता येतो. नेहमीच्या सुईने टाके सुटतात आणि लोक मशीन दुरुस्तीला पाठवतात. ७५/११ नंबरपासून सुरुवात करा, जाड थरांना ९०/१४. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोरा ताण सहन करत नाही, तुटतो.

कड कापत शिवणारं ओव्हरलॉक मशीन नसेल तर अरुंद झिगझॅग पुरतो: रुंदी १ ते दीड मिमी, लांबी अडीच मिमी. इलॅस्टिक बसवायला तीन टप्प्यांचा झिगझॅग (प्रत्येक तिरप्या रेषेत तीन छोटे टाके) चांगला. कपडा शिवण्याआधी त्याच कापडाच्या दोन पट्ट्या जोडून एक हातभर शिलाई मारा आणि ती जितकी ताणता येईल तितकी ताणा. ‘कट’ असा आवाज आला तर दोरा घट्ट आहे किंवा टाका लांब आहे. सोडल्यावर शिलाई लाटांसारखी वळली तर मशीनच्या सुईखालच्या पायाचा (प्रेसर फूटचा) दाब कापडाला ओढतोय, तो कमी करा. हे इथेच मिटवलं नाही तर पुढे आसनाची शिलाई उसवेल आणि तुम्हाला वाटेल आसन कमी पडलं.

चाचणीच्या बाजूच्या शिलाया लांब टाक्याच्या रुंद झिगझॅगने मारा. उसवायला सोपं जातं. उठावदार रंगाचा दोरा वापरला तर आणखी बरं.

आता एक मुद्दा ज्यावर मी अडून बसेन: इलॅस्टिक लावल्याशिवाय फिटिंगवर मत देऊ नका. मांडीची आणि गळ्याची कड इलॅस्टिकशिवाय सुटलेलीच दिसणार. ती सुटलीय म्हणून तुम्ही कागदावर कापाल, मग वरून इलॅस्टिक चढेल आणि मांडीवर वळ उठतील. चाचणीतही इलॅस्टिक कच्च्या शिलाईने लावाच.

मांडीचं इलॅस्टिक सगळीकडे सारखं ताणायचं नसतं. समजा मांडीची कड ६० सेंमी आहे आणि इलॅस्टिक तिच्या ९० टक्के, म्हणजे ५४ सेंमी घ्यायचंय. पुढच्या २८ सेंमी कडेवर २८ सेंमीच इलॅस्टिक न ताणता लावा. उरलं २६ सेंमी, ते मागच्या ३२ सेंमी कडेवर ताणून पसरा. त्यामुळे जांघेत काचत नाही आणि मागे नितंबाखाली कापड अंगाला धरून राहतं. रेडिमेड सूट उलटा करून बघितला तर ही युक्ती दिसेल. पाण्यातल्या कपड्याला क्लोरीन सोसणारं इलॅस्टिक हवं, घरातल्या पायजम्याचं नको.

७. आरशासमोर

चांगल्या उजेडात, पुढून, बाजूने आणि पाठीमागून फोटो काढा. आरशात पाठ बघायला वळलं की कापडही वळतं आणि नसलेल्या चुण्या दिसतात. फोन एखाद्या टेकूवर ठेवून टायमर लावलेला बरा.

चुणी दिसली की पहिला प्रश्न: ही सैल आहे की ताणलेली? बोटांच्या चिमटीत धरा. सहज उचलली गेली तर तिथे कापड जास्त आहे. दोरीसारखी ताठ लागली तर जवळपास कुठेतरी कापड कमी आहे आणि चुणी बहुधा त्या जागेकडेच बोट दाखवते.

एकसंध सूट कंबरेवर आडवा गोळा होतोय, ही नेहमीची तक्रार. याची दोन कारणं असतात आणि उपाय उलटसुलट. पट्टे खांद्यावर सैल असतील तर धड लांब झालंय, लांबी काढा. पण पट्टे ठीक असतील आणि नितंबांवर कापड ताणलेलं असेल, तर कपडा रुंद जागेवरून सरकून अरुंद कंबरेत जमा होतोय. इथे लांबी कापलीत तर पुढच्या वेळी खांदे काचतील. नितंबांना रुंदी द्या, गोळा आपोआप उतरतो.

खांद्यावर वळ, गळा खाली ओढलेला आणि आसन वर खेचलेलं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर धडाचा फेर कमी आहे. नुसते पट्टे लांब करून हे सुटल्यासारखं वाटतं, पण मग छातीची जागा खाली जाते. छातीपासून बगलेकडे तिरप्या ताठ चुण्या असतील तर छातीला जागा हवी. पाठीच्या खालच्या खोलगट भागात सैल घडी पडत असेल तर मागच्या भागाच्या मध्यावर थोडी लांबी कमी करा आणि ती बाजूच्या शिलाईपाशी शून्यावर आणा.

लेगिंग्जमध्ये आसनापासून मांडीकडे मांजराच्या मिशांसारख्या रेषा निघाल्या की आसनाला रुंदी किंवा वळणाला खोली हवी. बसल्यावर मागची कंबर खाली सरकते? मागचं आसन उंचीला कमी. पोटरीपाशी कापड अडकून गुडघ्यामागे चुण्या साचतात? पोटरीला रुंदी द्या, आणि पोटरी नीट असूनही साचत असतील तर पायाची लांबी कमी करा. गुडघ्यामागे एखाददुसरी चुणी राहणारच, पाय वाकतो तिथे कापडाला जायला जागा लागते. तिच्या मागे लागून पाय इतके अरुंद करू नका की पायरी चढताना अडेल.

८. हलून बघा, मग भिजवून

उभं राहिल्यावर बसणारा कपडा व्यायामाला उपयोगाचा असेलच असं नाही. कपड्याच्या कमरेची वरची कड अंगावर जिथे टेकते, तिथे त्वचेवर पेनने एक छोटी रेघ ओढा. मग पूर्ण उठाबशा काढा, वाका, गुडघा छातीशी आणा, जागच्या जागी पळा. थांबून बघा: कमर रेघेपासून किती सरकली? दोन बोटं खाली आली असेल तर एकतर पट्टीचं इलॅस्टिक ढिलं आहे किंवा मागचं आसन उंचीला अपुरं आहे. पट्टी हाताने धरून पुन्हा उठाबशा काढल्या की कळतं. धरल्यावर मागे आसनात ओढ जाणवली तर उंची कमी, नाहीतर इलॅस्टिक.

उठाबशीत वाकलेल्या अवस्थेत उजेडाकडे पाठ करून मागून एक फोटो घ्या. कापड पारदर्शक होतंय का ते त्यातच कळेल. स्पोर्ट्स ब्रा घालून हात पूर्ण वर करा आणि खोल श्वास घ्या. खालची पट्टी वर चढता कामा नये. आधार मुख्यतः पट्टीने द्यायचा असतो, खांद्याच्या पट्ट्यांनी नाही. पट्टीत बोटं सहज फिरत असतील तर खांद्यांवर भार जातो.

स्विमसूट असेल तर तो घालून शॉवरखाली उभे राहा. भिजल्यावर कापड जड होतं आणि उभ्या दिशेला उतरतं. कोरडा असताना किंचित घट्ट वाटणारा सूट भिजल्यावर नेमका बसतो, आणि कोरडा असताना आरामशीर असलेला सूट भिजल्यावर आसनापाशी लोंबतो. म्हणून नुसत्या कोरड्या चाचणीवरून धड लांब करायची घाई करू नका. भिजलेल्या अवस्थेत वाका, हात डोक्यावर नेऊन पोहण्याची हालचाल करा. गळा पुढे सुटत असेल तर पाण्यात उडी मारल्यावर त्यात पाणी भरणार. अस्तर आणि वरचं कापड वेगवेगळं सरकून मध्ये पाण्याचा फुगा होतोय का, तेही बघा. सुटलेली गळ्याची कड तरण तलावात सापडण्यापेक्षा न्हाणीघरात सापडलेली परवडली.

९. दुरुस्ती कागदावर उतरवा

एका वेळी एकच मोठा बदल. नितंबांना रुंदी, धडाला लांबी आणि नवं इलॅस्टिक एकदमच केलं तर सुधारलं कशामुळे ते कळत नाही, बिघडलं तर तेही नाही.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. धडाचा फेर १३८ चा १४२ केला तर ताण ११.३ टक्क्यांवर येतो, म्हणजे साडेबाराच्या आत. हे ४ सेंमी एकाच जागी घालायचे नाहीत. फेर पुढून आणि मागून जातो, म्हणून पुढच्या भागात २ आणि मागच्या भागात २. त्यातलाही १ सेंमी छाती आणि कंबर यांच्यामध्ये, दुसरा कंबर आणि नितंब यांच्यामध्ये. पॅटर्न त्या रेषांवर आडवा कापा, फट ठेवून मागून कागद चिकटवा आणि बाजूची रेषा पुन्हा वळणदार आखा. अस्तराचा पॅटर्न वेगळा असेल तर त्यातही तोच बदल. हे विसरलं जातं, आणि मग वरचं कापड नीट, आत अस्तर काचतंय अशी मजा होते.

१०. दुसऱ्यासाठी पॅटर्न तपासून देत असाल तर

पॅटर्न बनवणारे विक्रीपूर्वी तो वेगवेगळ्या मापांच्या लोकांकडून शिवून घेतात. असं काम मिळालं तर वरच्या सगळ्यात एक मोठा फरक पडतो. स्वतःसाठी शिवताना कपडा तुम्हाला बसणं हे ध्येय असतं. तपासणीत मात्र पॅटर्न लिहिल्याप्रमाणे चालतो का, एवढंच शोधायचं. म्हणून पहिला नमुना तक्त्यातल्या मापाप्रमाणे आणि सूचना अक्षरशः पाळून शिवा. तुम्हाला याहून चांगली पद्धत माहीत असली तरी ती इथे वापरू नका, नोंदीत सुचवा. तुमचं धड लांब असेल आणि बदल करावाच लागणार असेल तर आधी विचारा आणि अहवालात तो ठळक लिहा, नाहीतर पॅटर्न बनवणाऱ्याला चुकीचं चित्र मिळतं.

‘छान बसलं, थोडं घट्ट वाटलं’ या वाक्याचा कुणालाच उपयोग नाही. ‘मापं ९२-७८-१०४, धडाचा फेर १५८, कापड आडवं ५० टक्के, उभं २५ टक्के, डाव्या-उजव्या दोन्ही खांद्यांवर वळ, गळा २ सेंमी खाली ओढलेला’ असं लिहा. बाजूच्या शिलाईत पुढचा भाग मागच्यापेक्षा किती मिलिमीटर लांब आला, कुठली खाच जुळली नाही, सूचनेतलं कुठलं वाक्य दोनदा वाचावं लागलं, हे सगळं लिहा. दोनदा वाचावं लागलेलं वाक्य नवशिक्याला चार वेळा वाचावं लागेल. चुण्यांचे फोटो न लपवता द्या. अवघडल्यासारखं होत असेल तर चेहरा कापून टाका, चुणी नको.

मुदत, कापडाचा खर्च कुणाचा, फोटो कुठे वापरले जाणार आणि मोबदला काय, हे सुरुवातीलाच विचारून घ्या. पुष्कळदा मोबदला म्हणून फक्त तयार पॅटर्न मिळतो. स्विमसूटचं कापड आणि इलॅस्टिक यांचा खर्च धरता हा सौदा आपल्याला परवडतो का, याचा विचार हो म्हणण्याआधी करावा.

११. जपून ठेवायच्या नोंदी

बदललेल्या पॅटर्नच्या प्रत्येक भागावर तारीख, कापडाचं मिश्रण, दोन्ही दिशांचा ताण आणि इलॅस्टिकची लांबी लिहा. चाचणीच्या कापडाचा एक छोटा तुकडा त्याच पाकिटात टाका. पुढे नवं कापड हातात आलं की त्या तुकड्याशेजारी धरून ताणून बघता येतं. नवं कापड दहा टक्क्यांहून अधिक कमी-जास्त ताणत असेल तर हिशेब दुसऱ्या पायरीपासून पुन्हा मांडा.

पक्का कपडा शिवल्यावर मांडीची आणि कमरेची कड सपाट ठेवून मोजा आणि तो आकडाही लिहून ठेवा. पोहून आल्यावर साध्या गार पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ड्रायरची उष्णता दोन्ही टाळा. पाच-सहा वेळा वापरून झाल्यावर त्याच कडा पुन्हा मोजा. दोन-तीन टक्के वाढल्या असतील तर चालेल. त्याहून जास्त वाढल्या आणि कापड तेवढंच राहिलं असेल, तर पुढच्या वेळी पॅटर्नला हात न लावता इलॅस्टिक बदला.